आषाढातला वसंत : मुलाच्या नावाचं एक प्रकरण

माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला तो आषाढात, धो धो पावसात. तिसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला. "ताई, बारशाला कानात नाव सांगायचा मान तुमचाच. पण निवडणार आम्ही हं." आत्याच्या हक्काची वाटणी इतकी स्पष्ट झाल्यावर मी म्हटलं, बरं बाई, मी नुसती ऐकते. ते काही जमलं नाही. पुढचा सव्वा महिना या एका नावाने आमच्या घराचा जेवढा वेळ खाल्ला, तेवढा आम्हा दोघा भावंडांच्या लग्नांनी मिळूनही खाल्ला नव्हता. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. रोज सकाळी नावं पुकारायची हे माझं कामच आहे. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवते.

मागणी काय होती

नाव मराठी कानाला मराठी वाटावं. अर्थ धड असावा. कुणाची जीभ अडखळू नये. आणि मुख्य म्हणजे ते गल्लोगल्ली नसावं.

शेवटची अट भावाची, आणि तिच्यामागे जुनं दुखणं होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण १९८०च्या दशकात जन्मलेल्या मुलांचा कुठलाही हजेरीपट उघडा. सचिन, संदीप, अमोल, राहुल, अमित, योगेश यांतलंच एक. त्याच्या वर्गात त्याच नावाचे चौघे होते. एक उंच, एक बुटका, एक मॉनिटर आणि आमचा चष्मिस. दहावीपर्यंत त्याला वर्गात कुणी नावाने हाक मारली नाही. नोकरीत गेला तर तिथे त्याच नावाचे तिघे आधीच बसलेले, मग आडनावाने हाक सुरू झाली. "मला नाव आहे हे फक्त आईला माहीत आहे," असं तो हसत म्हणतो, पण हसण्यात फारसा अर्थ नसतो.

भावजयीचं म्हणणं सौम्य होतं. तिला वेगळं नाव हवं होतं, पण विचित्र नको होतं. "लोकांनी 'काय म्हणालात?' असं दोनदा विचारायला नको." दुर्मिळ आणि विचित्र यांच्यामधली ही पट्टी किती अरुंद असते ते आम्हाला पुढे कळलं.

पहिली यादी आणि वर्गातली पाच डोकी

फोनवरून गोळा केलेली पहिली यादी ४२ नावांची होती. रेयांश, अयांश, श्रियांश, विवान, रिवान, कियान, आर्विक, दिवित, असं पुढे चालू. मी ती मोठ्याने वाचली. निम्म्याहून जास्त नावं मी तोपर्यंत ऐकलेली नव्हती, म्हणजे दुर्मिळपणाच्या परीक्षेत ती पास. पण वाचताना असं वाटत होतं की एकाच कुटुंबातल्या चुलतभावंडांची ओळख करून देतेय. विवानला हाक मारली की रिवान आणि कियान दोघेही येतील.

हे नुसतं वाटणं नव्हतं, ते मी रोज बघते. माझ्या त्या वर्षीच्या वर्गात दोन आरव, एक अर्णव, एक आरुष आणि एक आरोह होते. सकाळी मी फळ्याकडे तोंड करून "आर..." एवढं म्हटलं, की मागे पाच डोकी वर. ज्याला बोलावलंय तो कोण हे शेवटच्या अक्षरापर्यंत कुणालाच कळत नाही. ते कळेपर्यंत चौघांचं चित्त पाटीवरून उडालेलं असतं. यांतल्या अर्णव, आरुष आणि आरोहच्या आईबापांनी 'आरव फार झालेत' म्हणूनच वेगळं नाव शोधलं असणार, याबद्दल मला शंका नाही. कागदावर ती नावं वेगळी आहेतही. कानाला मात्र पाचही एकच.

तेव्हा मी भावाला सांगितलं ते असं: नाव किती जणांचं आहे हे मोजताना त्याचा आवाज किती जणांचा आहे तेही मोज. तू चौघांतला एक होतास. तुझा मुलगा पाच सारख्या आवाजांतला एक होईल, आणि त्याला 'चष्मिस' म्हणायचीही सोय राहणार नाही, कारण हल्ली निम्म्या वर्गाला चष्मा असतो.

दुसरी गोष्ट अर्थाची. आरवचा अर्थ या याद्यांमध्ये सर्रास 'शांत' असा दिलेला असतो. रव म्हणजे आवाज, हे कलरव म्हणणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आवाज नसलेला तो नीरव. आरव म्हणजे चक्क ओरडा, कल्ला. पहिलीच्या वर्गाच्या अनुभवावरून सांगते, अर्थ तंतोतंत जुळतो. नाव सुंदर आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही, पण 'शांत' म्हणून ठेवलं असेल तर फसवणूक झाली. रेयांशचंही तसंच. 'प्रकाशकिरणाचा अंश' असं लिहिलेलं असतं, पण किरण या अर्थाचा 'रे' इंग्रजीतला आणि 'अंश' संस्कृतातला. सांधा कुठे मारलाय ते कानाला कळतं. यादीतला अर्थ घरातल्या जाड शब्दकोशात जाऊन पडताळायचा, हा नियम आम्ही त्या दिवशी केला. ४२पैकी अर्ध्याअधिक नावं तिथेच गळली.

ही सारख्या आवाजांची लाट फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या खात्याकडे १८८०पासूनची नावं वर्षवार मोजलेली आहेत आणि ती कुणालाही बघता येतात. १९५०च्या सुमाराला तिथे मुलग्यांच्या पहिल्या क्रमांकाच्या नावाचा वाटा चार टक्क्यांच्या वर होता. २०१७पासून लिआम पहिला आहे, पण त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. म्हणजे प्रत्येकाने वेगळं नाव शोधलं. आणि शोधून मिळालं काय, तर एडन, जेडन, ब्रेडन, केडन. आपल्याकडे अशी वर्षवार मोजलेली यादी हाताशी नसते, पण बालवाडीच्या दारात शाळा सुटायच्या वेळी दहा मिनिटं उभं राहिलं तर निम्मं काम होतं. आया आणि आज्या ज्या हाका मारतात त्या ऐकायच्या. भावजयीने दोन दिवस आपल्या आईला तिथे उभं केलं. (स्वतः बाळंतीण होती, नाहीतर तीच गेली असती.)

'ण'पासून नाव

मध्येच बाबांनी पंचांग काढलं. बाळाचं नक्षत्र हस्त, चरण तिसरा. हस्ताच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. म्हणजे आमच्या वाट्याला आला ण.

बाबा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मराठीत ण शब्दाच्या मध्ये येतो, शेवटी येतो, पण सुरुवातीला येत नाही. 'ण'ने सुरू होणारं नाव म्हणजे दुर्मिळपणाची कमालच झाली असती, भाऊ म्हणालासुद्धा, "घ्या, याच्या वर्गात दुसरा सापडणार नाही." आर्द्रा नक्षत्रात ङ येतो आणि उत्तराभाद्रपदेत ञ, तेव्हा आमचं तरी बरं, असं मी बाबांचं समाधान केलं. गुरुजींनी नेहमीची वाट दाखवली: ण ऐवजी न घ्या, ते जन्मनाव पत्रिकेत राहू द्या आणि व्यवहारातलं नाव तुम्हाला हवं ते ठेवा. पत्रिकेत नरहरी लिहिलं गेलं. बाबांचं मन राखलं गेलं आणि आमचेही हात मोकळे झाले. ज्या घरात अक्षरावरून वाद पेटतो त्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण एकाच अक्षराची सगळी नावं याद्यांमध्ये शोधत बसणं हा सारख्या नावांच्या गर्दीत जाऊन पडायचा हमखास मार्ग आहे.

दुसरं टोक

४२ नावं कोसळल्यावर भाऊ चिडून दुसऱ्या टोकाला गेला. ऋतध्वज, श्वेतकेतू, सत्यकाम, प्रद्युम्न. एका रात्री तर धृष्टद्युम्नसुद्धा, पण ते बहुतेक मला छळायला.

या नावांना अर्थ होता, कूळ होतं आणि वर्गात दुसरा कुणी मिळण्याची भीती नव्हती. अडचण होती ती जिभेची आणि कागदाची. ऋ आपण मराठीत 'रु' म्हणतो, हिंदी बोलणारा 'रि' म्हणतो. इंग्रजीत लिहिताना यू की आय, हा प्रश्न मुलाच्या मागे जन्मभर. ज्ञ आपल्याकडे 'द्न्य' आणि तिकडे 'ग्य'. ळ तर हिंदीत नाहीच, त्यामुळे आमच्या शाळेतला गोपाळ दुसऱ्या राज्यात गेला की आपोआप गोपाल होतो. जोडाक्षराने संपणाऱ्या नावांचं आणखी एक दुखणं असतं. पार्थचं इंग्रजी स्पेलिंग शेवटी ए लावून केलं की बाहेरचा माणूस 'पार्था' वाचतो, आणि ए काढला तर कागदपत्रांत कुठे एक रूप, कुठे दुसरं.

लांबीचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावाची सरकारी कागदपत्रांतली मांडणी आता मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी आहे. निर्णय मला मनापासून आवडला, पण भावजयीचं नाव चार अक्षरी, आडनाव पाच अक्षरी. पुढे प्रद्युम्न लावलं की फॉर्मवरचे चौकोन संपून समासात जावं लागेल. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचं नाव पाटीवर काढायला शिकवताना मी काय काय बघितलंय! द्यु आणि म्न एकाच नावात असलेलं पोर जूनपासून दिवाळीपर्यंत नुसतं नावच गिरवत बसतं. शेजारचा ओम तोवर गोष्टी वाचायला लागलेला असतो.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. सोपान. ज्ञानदेवांचा धाकटा भाऊ, समाधी सासवडला. सोपान म्हणजे जिना, पायऱ्या. जोडाक्षर नाही, सगळ्यांना माहीत असलेलं, तरी शहरातल्या बालवाडीत न सापडणारं. (त्यांच्या थोरल्या भावाचं नाव सुचवलं तेव्हा भाऊ म्हणाला, "जन्मतःच निवृत्ती? मला अजून वीस वर्षं हप्ते भरायचेत.") सोपानवर मी जवळजवळ सगळ्यांना राजी केलं होतं. भावजय शांतपणे म्हणाली, "ताई, तुमच्या वर्गात विहान आहे, रिहान आहे, अयान आहे. तुमच्याच नियमाने सोपान चौथा नाही का होत?"

मला उत्तर सुचलं नाही. सोपान आणि विहान यांची कुळं वेगळी आहेत हे मला कळतं. पण शाळेच्या पटांगणावर कूळ ऐकू येत नाही, शेवटचा 'आन' तेवढा ऐकू येतो.

'या' लावून बघणं

आई या सगळ्यात फारशी पडत नव्हती. तिची एकच चाचणी होती, आणि माझ्या मते ती सगळ्यांत कामाची. नाव सुचवलं की ती पुटपुटत त्याला 'या' लावून बघायची. मराठी मुलाच्या नावाला मित्र 'या' लावणारच. प्रकाशचा पक्या, संजयचा संज्या, मकरंदचा मक्या. तिच्या पिढीतल्या उदयला जन्मभर उद्या म्हणत आले आणि त्याने कुठलंही काम वेळेवर केलं तरी लोक हसत. मुकुंद हे मला फार आवडलेलं नाव या चाचणीत पडलं, कारण मुक्या. निरंजन पडलं, कारण निऱ्या. आईने पदर सारखा करत नुसतं बघितलं आणि विषय संपला.

हल्ली इंग्रजी माध्यमातली मुलं 'या' लावत नाहीत, पहिली दोन अक्षरं तोडून घेतात, असं भाऊ म्हणाला. मग तोडूनही बघा, असं आईचं उत्तर. दोन्ही करून बघितलं.

फोटोच्या मागची शाई

वसंत हे नाव कुणी सुचवलं नाही, ते सापडलं. बाबा पत्रिका ठेवायला कपाट आवरत होते. त्यात आजोबांच्या शाळेतल्या वर्गाचा फोटो निघाला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागे निळ्या शाईत, 'उभे डावीकडून' असं सुरू करून सगळ्यांची नावं. कडेची शाई फिकट झाली होती, पण वाचता येत होतं. दत्तात्रय, वसंत, पांडुरंग, मोरेश्वर, वसंत, सदाशिव, गजानन, वसंत. बसलेल्यांत आणखी एक. एका वर्गात चार वसंत. एकाच्या नावापुढे कंसात 'मोठा' आणि एकाच्या पुढे 'कोपऱ्यावरचा'.

भावाने तो पुठ्ठा हातात घेतला आणि हसायलाच लागला. म्हणाला, "हे तर माझ्याच वर्गाचं झालं."

मी मात्र दुसऱ्या बाजूने विचार करत होते. पहिलीला मी चौदा वर्षं शिकवतेय. चौदा हजेरीपटांत मी एकदाही 'वसंत' पुकारलेलं नाही. आजोबांच्या पिढीचा 'सचिन' असलेलं हे नाव आज रिकामं पडलंय.

त्या नावाची लाट केव्हाची होती हे शोधायला लांब जावं लागलं नाही. संगीतकार वसंत देसाई १९१२चे. वसंतराव नाईक १९१३चे, वसंतदादा पाटील १९१७चे. दोघेही मुख्यमंत्री झाले. गायक वसंतराव देशपांडे १९२०चे, कवी वसंत बापट १९२२चे, शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर १९३३चे. वीसेक वर्षांच्या पट्ट्यात इतके वसंत. पुढे अरुण, अशोक, सुरेश, प्रकाश आले, मग सचिन-संदीप, मग ओंकार, अक्षय, निखिल, मग अथर्व, वेदांत, सोहम. प्रत्येक लाटेला त्या वेळी आपण नवीन काहीतरी ठेवतोय असं वाटत असणार. स्वतः सचिन तेंडुलकरचं नाव त्याच्या वडिलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं. १९७३मध्ये मराठी घरात ते वेगळंच वाटलं असेल. ते सर्रास झालं ते नंतर.

आईबापांची पिढी आपल्या वयाच्या नावांना विटलेली असते आणि आपल्या काका-मामांच्या नावांना म्हातारी समजते. म्हणून सगळे एकदमच नवीन नावांच्या बाजाराला लागतात आणि तिथे एकमेकांना जाऊन भेटतात. पणजोबांच्या पिढीकडे कुणी वळत नाही, त्यामुळे तिकडे जागा भरपूर. पूर्वी हे फेरे आपोआप व्हायचे, कारण आजोबांचं नाव नातवाला द्यायची रीतच होती. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, शिवाजी महाराजांच्या नातवाचं मूळ नाव शिवाजीच. आपण त्याला शाहू म्हणून ओळखतो. रीत सुटली आणि फेराही थांबला.

धोतर

मी वसंत म्हटल्यावर भावजय पहिल्यांदा गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, नाव ऐकलं की धोतर दिसतं."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण मलाही दिसत होतं. तिच्या आईचा मुद्दा वेगळा होता: आषाढात जन्मलेला वसंत कसा? भावाने विचारलं, शिशिर नावाचे सगळे थंडीत जन्मले होते का? तो मुद्दा तिथे संपला, पण धोतर राहिलं.

बाकीच्या चाचण्या मात्र नाव धडाधड पास होत होतं. आईने 'वश्या' म्हणून बघितलं, होकाराची मान हलवली. तोडलं तर 'वस', 'वसू'. अर्थ विचारायला शब्दकोश लागत नाही. पाटीवर काढायला एक अनुस्वार सोडला तर काही नाही. शेवट आन नाही, आंश नाही, सुरुवात आर नाही. माझ्या वर्गात पुकारलं असतं तर एकच डोकं वर आलं असतं. गॅलरीतून हाक मारून बघितली. "वसंताऽऽ" अशी मराठी संबोधनाची हाक तोंडात इतकी सहज आली की समोरच्या इमारतीतल्या काकूंनी खिडकी उघडली. हिंदी बोलणारा फार तर बसंत म्हणेल.

तेव्हा ठरलं असं, की पटवून कुणी कुणाला द्यायचं नाही, आठ दिवस नाव वापरून बघायचं. भावजयीने आठ दिवस बाळाला वसंत म्हणायचं. अंघोळ घालताना, रात्री तीनला उठल्यावर, दुपट्यात गुंडाळताना. आवडलं नाही तर नाव रद्द, आणि कुणी कारण विचारायचं नाही. मला वाटतं सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं काम हे एकच झालं. यादीवरचं नाव आणि तोंडातलं नाव या दोन वेगळ्या चिजा आहेत. भाऊ मात्र त्या आठवड्यात गुपचूप आणखी अकरा नावं काढून बसला होता.

पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा ती बाळाचे इवले मोजे काढत होती आणि त्याला दटावत होती, "वसंतराव, पाय सरळ." मी विचारलं, धोतर? ती म्हणाली, "गेलं कुठेतरी. आता ह्याचाच चेहरा दिसतो."

कागद

नोंदणीची धास्ती फार लोकांना असते आणि घाईत नाव उरकलं जातं. तेवढी घाई लागत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते. नाव नंतर घालता येतं: नोंदणीपासून १२ महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आमची नोंद बाळाच्या नावाशिवाय झाली होती आणि नाव बारशानंतर घातलं.

गडबड झाली ती स्पेलिंगची. कार्यालयातल्या माणसाने शेवटच्या त साठी टीपुढे एच ठोकला. दक्षिणेकडे त असाच लिहितात, त्यामुळे त्याची चूक म्हणता येत नाही, पण आपल्याकडे ते 'वसंथ' वाचलं जातं. भाऊ पडद्याकडे बघत उभा होता म्हणून छापण्याआधी दुरुस्त झालं. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखलाच लागतो. तेव्हा त्याच्यावर जे स्पेलिंग बसेल ते मुलाला चिकटलं समजा. अंकशास्त्रासाठी एक ए जास्त लावा असं सुचवणारे एक नातेवाईक होते. त्यांना भावजयीने चहा दिला आणि विषय बदलला.

नंतर

बारशाला मी कानात सांगितलं तेव्हा पाहुण्यांत दोन तऱ्हा झाल्या. साठीच्या वरच्यांनी "अरे वा" म्हटलं, तिशीतल्यांनी "अच्छा, कुणाच्या आठवणीत का?" असं जपून विचारलं. कुणाच्याच नाही, हे सांगितल्यावर ते जास्तच गोंधळले. 'काय म्हणालात?' मात्र कुणी विचारलं नाही. भावजयीची अट पुरी झाली.

आठव्या महिन्यात बाळाचं रक्त तपासायला न्यायचं होतं. मी बरोबर होते. आतल्या मुलीने दार उघडून नुसतं "वसंत" असं पुकारलं. भावजय बाळाला घेऊन उठली आणि समोरच्या बाकावरून काठी टेकत एक आजोबाही उठले. ऐंशीच्या पुढचे असतील. दोघं दारात एकदमच पोचली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, मग खांद्यावरच्या पोराकडे.

"हा वसंत?"

"हो."

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. "मला वाटलं आमचा साठा संपला," असं म्हणून त्यांनी त्याला आधी आत जाऊ दिलं.

घरी अजून सगळीच माणसं वसंत म्हणत नाहीत. आईच्या तोंडी बाळ्या बसलंय आणि ते हलायचं लक्षण नाही. लोकमान्य टिळकांचं नाव केशव होतं, घरातलं बाळ हेच जगभर गेलं, हा दाखला भाऊ तिला दर आठवड्याला देतो आणि ती दर आठवड्याला "मग काय वाईट झालं?" म्हणते. बाळ्या म्हटलं की पोरगं मान वळवतं. वसंत म्हटलं की पंख्याकडे बघतं.